सात सुऱ्यांचं घर

ज्ञानू मिस्त्री सांगली सोडून गेला त्या दिवशी मला आनंद झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. त्या रात्री मी मेसमध्ये नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या, इतका मोकळा झालो होतो. त्याचं काम गेलं, सुतार म्हणून जे नाव होतं ते गेलं, आणि ते माझ्या तोंडून निघालेल्या चार शब्दांनी गेलं. ते शब्द खोटे होते. हेही कुणाला सांगितलेलं नाही.

अशा लिखाणात माणसाचं कौतुक करायची पद्धत असते. ते मला जमणार नाही. मिस्त्री मला आवडत नव्हता आणि मी त्याला आवडत नव्हतो. आज पन्नाशी उलटल्यावर त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे तरी तो समोर उभा राहिला तर माझ्या कपाळावर आठी येईलच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीला एका संस्थेच्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि राहण्याजेवण्याची सोय होते म्हणून संस्थेच्या वसतिगृहावर सहायक रेक्टर होतो. दीडएकशे पोरं, एक भलंमोठं स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ज्ञानू मिस्त्री राहायचा. माण तालुक्यातला, म्हसवडजवळच्या कुठल्याशा वस्तीवरचा. पोरांच्या कॉटी करायला म्हणून आला आणि राहिला. बायको आणि मुलगी गावाकडेच होत्या.

बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. काम करताना फळी डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा, ती अशी की दोघांनी ओढली तरी हलू नये. बोलताना समोरच्याकडे बघायचा नाही, त्या अंगठ्याकडे बघायचा. आपण त्याच्या अंगठ्यापेक्षाही कमी आहोत हे समजायला आपल्याला वेळ लागत नसे.

आणि त्याचं ते 'कोन म्हनतं?'. काहीही सांगा, पहिलं उत्तर हेच. "मिस्त्री, उद्या सुट्टी आहे." "कोन म्हनतं?" "मिस्त्री, ही खुर्ची डुगडुगते." "कोन म्हनतं?" एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, खुर्ची म्हणते!" तर तो रंधा खाली ठेवून उठला, खुर्चीजवळ गेला, तिच्यावर बसला, चारी बाजूंना अंग टाकून बघितलं आणि म्हणाला, "खुर्ची कायबी म्हनत न्हाई. फरशी वाकडी हाय. फरशीवाल्याला बोलवा." फरशी खरंच वाकडी निघाली. बरोबर असणं हा त्याचा सगळ्यात वाईट गुण होता.

तो दुष्टही होता. शेडमध्ये पूर्वीपासून एक म्हातारे सुतार किरकोळ दुरुस्तीला यायचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी मेसमध्ये वाढप्यांसाठी एक चौरंग केला. मिस्त्रीनं तो सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवला, त्याच्यावर एक पाय दिला आणि नुसता भार टाकला. चौरंगाचे दोन पाय बाहेर गेले. "उद्या ह्याच्यावर पोरगं हुबं ऱ्हायलं असतं," एवढंच म्हणाला. भाऊ आपली हत्यारांची पिशवी घेऊन गेले ते परत आले नाहीत. संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचं होतं." तर म्हणाला, "बाजूला घिऊन सांगितलं असतं तर त्येनं दुसरा केला असता." मला राग आला तो भाऊंसाठी आला, असं मी तेव्हा समजत होतो. खरं म्हणजे पुढच्या खेपेला पाय माझ्यावर पडणार, ही भीती होती.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. मोठे बागाईतदार, शब्द खाली पडू न देणारे. ते एकदा शेडमध्ये पाहणीला आले आणि समोरच्या बाकावर बसले. मिस्त्री अंगठ्याकडे बघत म्हणाला, "उठा."

"काय?" आबासाहेब म्हणाले.

"उठा जरा. तुमच्या बुडाखाली माझा गुन्या हाय."

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. आबासाहेब उठले, खालून गुण्या काढला आणि स्वतःच्या हातानं त्याला दिला. मिस्त्रीनं तो डोळ्यासमोर धरून वाकला का ते बघितलं. आबासाहेब हसले, बरोबरचेही हसले. पण गाडीत बसताना मला म्हणाले, "मास्तर, हा माणूस कामाचा आहे म्हणून ठेवलाय. लक्षात असू द्या." ते मी चांगलंच लक्षात ठेवलं.

आता सुऱ्यांबद्दल.

आमचे आचारी सखाराम जाधव. फौजेत मेसवर हवालदार होते, निवृत्त होऊन साताऱ्याकडून इकडे आले. सगळे त्यांना हवालदारच म्हणत. इतर आचारी विळीवर बसतात. हवालदार उभ्यानं, ओट्यावर फळीवर चिरायचे, आणि त्यांच्या सात सुऱ्या होत्या. फौजेतून आणलेल्या, जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत ठेवलेल्या. सगळ्यात मोठी कोपरापासून मनगटापर्यंत लांब, तिला ते 'मेजर' म्हणायचे. कामाच्या घाईत गुंडाळी बांधायला कुणाला वेळ असतो? सुऱ्या ओट्यावर पसरलेल्या असायच्या. वाढप्यांपैकी दोघांचे हात कापले, तेव्हा आबासाहेबांनी सुऱ्या ठेवायला लाकडी काहीतरी करून घ्यायला मला सांगितलं. आणि जाता जाता एक गोष्ट म्हणाले जी ज्ञानू मिस्त्रीसाठी फार मोठी होती. वसतिगृहाची नवी इमारत उभी राहत होती. "हे काम भांडण न होता पार पडलं तर दिवाळीनंतर नव्या इमारतीची दारं-खिडक्या ज्ञानूकडंच देऊ."

दोन-अडीच वर्षांचं काम. मिस्त्री मला काही बोलला नाही, पण हवालदारांना बोलला होता, आणि हवालदारांच्या पोटात काही राहत नसे. "मास्तर, ज्ञानू खोली बघाय लागलाय. बायकोला आनतोय. पोरगीला हितल्या साळंत घालनार म्हनतो. लय खूश हाय बेटा, पर तोंड बगा, कुनी मेल्यावानी."

मी सुऱ्या खोचून ठेवायच्या लाकडी ठोकळ्याचं चित्र काढलं. तीन रात्री बसून नव्हे, पण दोन रविवार घालवून. ड्रॉइंग शीटवर, शाईनं, समोरून, बाजूनं आणि वरून. पुढच्या बाजूला कमळाची नक्षी. मला ते चांगलं जमलं आहे असं वाटत होतं, आणि आबासाहेबांना दाखवायच्या आधी मी ते स्वयंपाकघरात मिस्त्रीपुढे धरलं. वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, सगळे होते.

मिस्त्रीनं चित्र दोन्ही हातांत घेतलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल.

"लय ग्वाड हाय," तो म्हणाला. "हवालदार, हे भितीला लावा. माशा ह्याच्यावर बसत्याल, भातावर न्हाई."

सगळं स्वयंपाकघर हसलं. मी म्हणालो, "यात चूक काय आहे ते सांगा."

"मास्तर, हवालदार कंच्या हातानं चिरत्यात?"

मी परत चित्राकडे बघितलं.

"चार वरसं झाली तुमी त्येंच्या हातचं खाताय. डावरं हायत ते. तुमी समद्या मुठी उजवीकडं काडल्या."

मी हवालदारांकडे बघितलं. त्यांच्या डाव्या हातात सुरी होती. चार वर्षं होती. त्यांनाच माझी दया आली असावी, ते म्हणाले, "जाऊ दे रं ज्ञानू, मास्तर मानूस, त्येंनी कशाला बगावं." त्या दयेनं मला जास्त लागलं. एक भांडेवाली अजून तोंडाला पदर लावून हसत होती. त्या दिवसापासून मी मिस्त्रीचं वाईट चिंतत होतो, हे स्पष्ट लिहितो.

त्याची काम करायची रीत अशी होती की आधी तो लाकडाला हातच लावत नसे. तीन दिवस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथ्या घमेल्यावर बसून राहिला. नुसता बघत. आणि बघताना गप्प बसेल तर तो मिस्त्री कसला.

"भात उतरताना पाय कसा टाकला बगा. घोड्यावानी."

"ए ज्ञान्या, हितनं ऊठ, न्हाईतर कढीत घालीन तुला," हवालदार म्हणायचे.

"घाला की. तेवडीच चव यील."

"टैम बरबाद करतो नुसता. दोन फळ्या ठोकायला ह्येला तीन दिवस!"

"फळ्या ठोकायला येळ लागत न्हाई. तुमचं हात वळवळत्यात, ते कुटं जात्यात ते बगाय लागतं."

हे त्यांचं दिवसभर चालायचं. एकमेकांच्या बापापर्यंत जायचे आणि दुपारी एकाच ताटाशी बसून जेवायचे. मिस्त्रीचं सबंध सांगलीत कुणाशी पटलं असेल तर हवालदारांशी.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "हवालदार, एक भोपळा काडा. लाल. मोठा."

"भाजी झाली आजची."

"भाजीला न्हाई. काडा म्हनतो न्हवं."

त्यानं तो भोपळा खालून सपाट कापून ओट्यावर बसवला, हवालदारांच्या डाव्या हाताला, आणि त्याच्यात सुऱ्या खुपसल्या. एक एक तिरकी, मुठी वर. मग परत घमेल्यावर जाऊन बसला. दिवसभर हवालदार भोपळ्यातून सुरी काढत होते, भोपळ्यात घालत होते, आणि मिस्त्री मध्येच उठून एखादी सुरी काढून दोन बोटं अलीकडे, जराशी जास्त तिरकी अशी खुपसत होता. संध्याकाळपर्यंत त्या भोपळ्याची चाळण झाली. पण शेवटच्या तासाभरात हवालदारांनी एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. डोळे कढईवर, आणि डावा हात आपोआप पाहिजे त्या मुठीवर. मिस्त्रीनं भोपळ्यावर दोरी लावून मापं घेतली, दोरीला गाठी मारल्या आणि भोपळा भांडेवालीकडे टाकला. दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याची भाजी खाल्ली.

ठोकळा सागवानी झाला. नक्षी नाही, काही नाही. सात तिरक्या चिरा आरपार खालपर्यंत गेलेल्या, आणि ठोकळा ओट्यापासून दोन बोटं वर, चार बुटक्या पायांवर. सुरी आत सोडली की पातं पूर्ण आत जायचं आणि मूठ लाकडावर टेकायची. धार वरच्या अंगाला, म्हणजे लाकडावर घासून बोथट होऊ नये. खालून सगळं उघडं. हवालदारांनी एकेक सुरी आत घातली, काढली, परत घातली. "घर झालं रं गड्या," ते म्हणाले. "माझं न्हाई झालं अजून, पर सुऱ्यांचं झालं."

मला मिस्त्रीनं बाजूला बोलावून एक गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच काहीतरी बाजूला घेऊन. कदाचित वसतिगृहाची जबाबदारी माझ्यावर म्हणून असेल.

"मास्तर, खालनं बुजवू नगा. वरनं पडलंय ते खालनं गेलं पायजे, पानी, कचरा, समदं. चिरंत काय साटलं तर सुरी खाली बसनार न्हाई, वर ऱ्हाईल. आनि हवालदार बगत न्हाईत. दोन बोटं वर ऱ्हायली तर मुठीच्या जागी पातं यील."

मी "हं" म्हणालो. हे मला सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

नवरात्र बसायच्या सुमारास मिस्त्री गावी गेला. घट बसवून, बायकोला तयारीला लावून दसऱ्यानंतर परत येणार होता. तो गेल्यावर आबासाहेब आले, ठोकळा बघितला, उचलून पालथा करून बघितला. "खालून पोकळच आहे की मास्तर. अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. दसऱ्याला पाहुणे येणार आहेत. आणि झुरळं शिरतील."

मी सांगू शकलो असतो. मिस्त्रीनं सांगितलेलंच फक्त परत म्हणायचं होतं. पण मिस्त्रीचं म्हणणं माझ्या तोंडून आबासाहेबांना सांगायचं, हे मला नको होतं. मी म्हणालो, "करून घेतो." दुपारी हवालदार आडवे झाले होते तेव्हा मी शाळेच्या हस्तव्यवसायाच्या खोलीतून पातळ फळी आणि स्क्रू आणले आणि ठोकळ्याचा तळ बंद केला. फळीच्या कडा घासून गोल केल्या. चांगलं दिसत होतं. त्या ठोकळ्यात आता थोडं माझंही आहे असं वाटलं, आणि ते वाटणं गोड होतं.

हवालदारांनी उठल्यावर विचारलं, "ह्ये काय?"

"मिस्त्रीच सांगून गेला होता," मी म्हणालो. खरं सांगायला काहीच अडचण नव्हती. तरी हे निघून गेलं तोंडातून. पहिलं खोटं ते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. शेडमधली मिस्त्रीची हत्यारं, माळ्याची खुरपी, हवालदारांच्या सुऱ्या. सुऱ्या धुऊन, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडल्या. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, हवालदारांनी आदल्या दिवशीच भाज्या चिरून ठेवल्या होत्या. रिकामा ठोकळाही पाटावर ठेवला. पूजा मी सांगत होतो. पोरं रांगेनं येऊन हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि मूठमूठ अक्षता वाहत होती, आणि ठोकळ्याच्या त्या चिरांत अक्षता टाकायची पोरांना गंमत वाटली. मी थांबवलं नाही. वर पळीभर पळीभर पाणी शिंपडलं. खाली फळी नसती तर सगळं पाटावर पडलं असतं. ते आतच राहिलं, आणि ओले तांदूळ दुसऱ्या सकाळपर्यंत फुगले.

दसऱ्याच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी पाट उचलायचा म्हणून सुऱ्या मी स्वतः परत घातल्या. लहान सहा बसल्या. त्यांची पाती आखूड, तळापर्यंत पोचतच नव्हती. मेजर बसली नाही. मूठ लाकडापासून वर राहिली. मी दाबली. आत काहीतरी मऊ लागलं, थोडी गेली, मग अडली. मी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. बाहेर गाडीचा आवाज आला. मी तशीच सोडून गेलो.

पुऱ्या तळत होत्या. हवालदारांचं बटाट्याचं काम लहान सुरीवर झालं होतं. कोशिंबिरीसाठी कोबी समोर ठेवला, डोळे कढईवर, आणि त्यांनी डावा हात मेजरकडे टाकला. जिथं मूठ असायची तिथं बोटं आवळली आणि ओढलं.

ते ओरडले नाहीत. मी दारात पाहुण्यांना नमस्कार करत होतो, मला आधी भांडेवालीचा आवाज ऐकू आला.

चारी बोटांच्या आतल्या शिरा तुटल्या. सरकारी दवाखान्यात टाके घातले, पण डॉक्टरांनी सांगितलं, बोटं मिटणार नाहीत.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी परत आला. त्याला थेट ऑफिसात बोलावलं. आबासाहेब, दोन सभासद आणि मी. ठोकळा टेबलावर होता. आतले तांदूळ काढून मी तो तोवर धुऊन ठेवला होता, हेही इथं लिहून टाकतो.

"ज्ञानू," आबासाहेब म्हणाले, "तुझ्या या वस्तूनं एका माणसाचा हात गेला."

मिस्त्रीनं ठोकळा उचलला. हाताला जरा जड लागला असावा, कारण त्यानं लगेच पालथा केला. फळीवरून हात फिरवला. माझ्या गोल केलेल्या कडांवरून.

"ह्यो तळ कुनी मारला?"

आबासाहेब माझ्याकडे बघत होते. मला अजून वाटतं, तळ आधी उघडा होता हे त्यांना आठवत होतं. पण ते बोलणार नव्हते, ते माझी वाट बघत होते.

"तुम्हीच सांगून गेला होतात," मी म्हणालो.

"कोन म्हनतं?"

"मी म्हणतो."

तो पहिल्यांदा अंगठ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे तपकिरी होते, हे मला तेव्हाच कळलं.

"आबासाहेब," तो म्हणाला, "मी इस्क्रू वापरत न्हाई. शेडमदी एक इस्क्रू दाकवा."

"हवालदार स्वतः सांगतात, तू सांगून गेला होतास म्हणून," आबासाहेब म्हणाले. ते खरं होतं. हवालदारांनी दवाखान्यात तसंच सांगितलं होतं, कारण मी त्यांना तसंच सांगितलं होतं.

त्यावर मिस्त्री फुटला. त्यानं आबासाहेबांना, मला, संस्थेला, कृष्णेच्या पाण्याला अशा शिव्या घातल्या की सभासद उठून उभे राहिले. तो गप्प बसला असता तर कदाचित कुणी विचार केला असता. पण त्याचं तोंड, त्याचा तो भाऊंचा मोडलेला चौरंग, आबासाहेबांना बाकावरून उठवणं, सगळ्यांना सगळं आठवत होतं. त्याला कुणी पाठीशी घालावं असं त्यानं कुणाशी वागलंच नव्हतं. दारं-खिडक्यांचं काम तिथंच गेलं. शेड संध्याकाळपर्यंत रिकामी करायला सांगितलं.

तो आधी दवाखान्यात गेला. मी तिथंच होतो, हवालदारांना डबा घेऊन गेलो होतो. मिस्त्री दारात आला, आत आला नाही.

"हवालदार," तो म्हणाला. "मी न्हाई सांगितलं."

हवालदारांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या आयुष्यात शाळा शिकलेल्या माणसानं खोटं बोलायचं काही कारण त्यांना सुचलं नसावं. "मास्तर, ज्ञानूच म्हनला हुता न्हवं?"

मी मान हलवली. होकाराची.

हवालदारांनी तोंड भिंतीकडे केलं. मिस्त्रीनं त्यांच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "हात वर बांदून ठिवा. खाली सोडला की ठनकतो." आणि गेला. त्याच्या बायकोशी आणि पोरीशी माझी कधी गाठ पडली नाही. त्या निघाल्या होत्या की नव्हत्या, तेही मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी जास्तीच्या दोन भाकरी खाल्ल्या.

हवालदारांना संस्थेनं पुढं रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून ठेवलं. डाव्या हातानं त्यांना कंदीलही धरता येत नसे. वर्षभरात ते गावी निघून गेले.

मिस्त्रीला मी अजून एकदाच बघितलं. दशक संपत आलं होतं, माझी बदली साताऱ्याला झाली होती. एका फर्निचरच्या दुकानाच्या मागच्या उघड्या अंगणात तो कपाटाचं दार घासत बसला होता. केस पांढरे झाले होते, बाकी तसाच. मी फाटकातून आत गेलो. का गेलो हे मला आज नीट सांगता येत नाही. सांगायला गेलो असेन. तो काम करत राहिला.

"मिस्त्री, ओळखलंत?"

त्यानं मान वर केली नाही. "हवालदाराचा हात कसा हाय?"

"बरा आहे."

"मिटतो?"

"नाही."

घासण्याचा आवाज चालू होता. दोनदा, तीनदा. मी तोंड उघडलं, आणि शेजारी दुकानाचा मालक गिऱ्हाइकाला घेऊन आला. मी बंद केलं.

"जावा आता," मिस्त्री म्हणाला. "तुमी उजेडात हुबं हाय."

मी बाजूला झालो. उजेड परत दारावर पडला, आणि त्यानं खाली वाकून, एक डोळा मिटून, दाराची कड नजरेनं तपासली. मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा तो अजून तसाच वाकलेला होता. पुढच्या खेपेला गेलो तर मालक म्हणाला, कुणाशी तरी भांडून गेला, कुठं ते माहीत नाही.

हवालदार कोरेगावकडच्या आपल्या गावात आहेत. सत्तरी ओलांडली आहे, कानानं कमी ऐकतात असं समजलं. साताऱ्याहून एसटीनं तासाभराचीही वाट नाही. त्यांच्यापुढे बसून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, फळी मी मारली होती, ज्ञानूनं सांगितली नव्हती, एवढं सांगण्याचं देणं मी त्या दोघांचं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.